माडीवरून न उतरलेली पेटी

१

दुपारी जेवण झाल्यावर थोरले नेहमीप्रमाणे पेटीवर टेकले, चष्मा काढून पेटीवरच ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. चहाला उठून बाहेर आले तर चष्मा होता, पेटी नव्हती. पेटीच्या जागी जमिनीवर एक फिकट चौकोन उरला होता आणि त्याच्या बरोब्बर मधोमध चष्मा, काड्या मिटून, नीट ठेवलेला.

थोरल्यांनी चष्मा घातला, चौकोनाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मग मुलाला अशी हाक मारली की खाली कारखान्यात करवत थांबली.

पेटी काही खिशात घालून न्यायची वस्तू नव्हती. दोन धडधाकट माणसांनी उचलावी तेव्हा हलायची. माडीवरून उतरायला जिना एकच, आणि तो थेट कारखान्यात उतरायचा. तिथे थोरल्यांचा मुलगा कारागिरांबरोबर दुपारभर कपाटं जोडत होता. कारखाना आता तोच बघायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला मालक म्हणत. माडीच्या खिडक्यांना गज होते.

"जिन्यावरून मांजरसुद्धा उतरलेलं नाही," मालक म्हणाले. "पेटी काय, हवेत विरली?"

"हवेत विरली असती तर चष्मा पडला असता," थोरले म्हणाले. "मुळेबाईंना बोलाव."

मुळेबाईंचं आडनाव काही मुळे नव्हतं. लोकांच्या घराण्यांची मुळं शोधून द्यायची, कोण कुठून आलं, कोणत्या जहाजाने आलं, मागे कोण राहिलं ते हुडकून वंशावळ मांडायची, हा त्यांचा व्यवसाय. त्यावरून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. नवे लोक त्यांना भाजीवाल्या समजत पण त्या ते मनावर घेत नसत. या घराची वंशावळ त्यांनी वर्षभर खपून पूर्ण केली होती. थोरल्यांचे आजोबा बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन समुद्रापलीकडून आले, वर्षाच्या आत त्यांनी हा कारखाना काढला, त्या तान्ह्या मुलाची मुलं म्हणजे थोरले आणि त्यांची बहीण. पलीकडे राहिलेल्या नातलगांचा माग तर कुणालाच नव्हता, तोही बाईंनी काढला. त्या नातलगांपैकी एक पाहुणा आज सकाळीच येऊन चौकातल्या लॉजवर उतरला होता. उद्या तो पेटी बघायला येणार होता.

आणि परवा सकाळी आजोबांची कबर उघडायची होती.

२

त्याचं असं होतं. आजोबांच्या आईने मरताना आपल्या शेजारची जागा परदेशी गेलेल्या मुलासाठी राखून ठेवायला सांगितलं होतं. पलीकडच्या घराने ती जागा इतकी वर्षं राखली. आता ठिकाणा लागल्यावर पाहुण्याच्या म्हाताऱ्या आईने निरोप धाडला: आमच्या माणसाच्या अस्थी आम्हाला द्या. थोरले हरखून गेले. आजोबा म्हणजे त्यांचं दैवत. आजोबांना त्यांच्या आईजवळ पोचवायचं म्हटल्यावर त्यांनी एका झटक्यात होकार दिला आणि दफनभूमीच्या कचेरीतून परवानगीही आणली.

पाहुण्याच्या आईची अट मात्र एक होती. आजोबांच्या आईने दोन मुलांसाठी एकसारख्या दोन पेट्या घेतल्या होत्या. एक मुलाबरोबर जहाजावर गेली, दुसरी घरी राहिली. "आधी पेटी ताडून बघ," तिने लेकाला बजावलं होतं. "पेटी जुळली तरच कबरीला हात लाव. भलत्याच माणसाला माझ्या पणजीशेजारी आणून ठेवायचं नाही."

म्हणजे पेटी नाही तर कबर नाही. चोराला नेमकं हेच हवं असणार, एवढं मुळेबाईंना जिना चढतानाच कळलं होतं. प्रश्न होता, कुणाला?

बाई आधी फिकट चौकोनापाशी गुडघे टेकून बसल्या. जमीन झाडलेली होती. पण भिंतीच्या कडेला, केरसुणी पोचत नाही अशा बेचक्यात, अंगठ्याएवढी लाकडी पाचर पडली होती.

"त्यात काय," मालक म्हणाले. "अशा पाचरी खाली टोपलीभर आहेत. कुणाच्या चपलेला लागून आली असेल."

बाईंनी ती उजेडात धरली. पाचरीचं जाड टोक काळं कुळकुळीत होतं, बाकी अंग मात्र नव्या लाकडासारखं पिवळसर. पाचर पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "मला एकेकाशी बोलायचंय. सूनबाईंपासून सुरुवात करू."

सूनबाई, म्हणजे मालकांची बायको, शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. त्या भांडायच्या तयारीनेच बसल्या.

"माझ्यावरच संशय येणार, माहितीये मला. त्या पेटीला ठेचकाळून माझ्या दोन्ही पायांची नखं गेलीत. एक दिवस जळणात घालीन असं मी म्हटलंय, आणि सगळ्यांसमोर म्हटलंय. पण बाई, मी दुपारभर वर्गात होते. आणि जाळायची म्हटली तरी एवढी पेटी चुलीपर्यंत नेणार कोण?"

"कबर उघडण्याबद्दल तुमचं काय मत?"

"मला कोण विचारतंय? आत्यांना विचारा. त्यांनी महिनाभर धुसफूस चालवलीय. कारण मात्र सांगत नाहीत."

बाईंनी टिपण करायला पेन्सिल मागितली. सूनबाईंनी मेजाच्या खणाकडे बोट दाखवलं. बाईंनी खण ओढला. हलेना. जोर लावला, तरी नाही.

"आधी थोडा वर उचला, मग ओढा," सूनबाई म्हणाल्या. "आजेसासऱ्यांच्या हातचं फर्निचर आहे. या घरात खणसुद्धा सरळ वागत नाहीत."

३

मालकांचं कारण सरळ होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मला नकोच होतं हे," खाली कारखान्यात, भुश्शाने माखलेल्या बाकावर बसून ते म्हणाले. "पणजोबांनी इथे कारखाना काढला, इथे वाढवला. त्यांची कबर इथे. आपल्या माणसाला कबरीतून उठवून असं कुणी पाठवतं का? पण बाबांपुढे बोलायची सोय नाही. ते म्हणतात सुतारकी आपल्या रक्तात आहे, ते रक्त जिथून आलं तिथे परत गेलं पाहिजे. आता रक्तात काय असतं मला माहीत नाही. माझ्या हाताला मात्र घट्टे आहेत."

"मग पेटी तुम्ही लपवलीत?"

"मी लपवली असती तर बाबांच्या तोंडावर सांगून लपवली असती. आणि दुपारभर मी या लोकांच्या डोळ्यांसमोर होतो."

बाईंची नजर भिंतीवरच्या जुन्या फळ्यांकडे गेली. त्यांवर डबे, बरण्या, रंगाचे टिन. प्रत्येक फळीला पुढच्या बाजूने बोटभर उंचीची पट्टी ठोकलेली.

"या पट्ट्या कशासाठी?"

मालक हसले. "ती आमच्या घराण्याची खूण. पणजोबा लावायचे म्हणून आजोबा लावायचे, म्हणून आम्ही लावतो. गिऱ्हाईकं विचारतात, आम्ही सांगतो शोभेसाठी."

संध्याकाळी पाहुण्याला बोलावून घेतलं. लपवून ठेवायची गोष्ट नव्हती. पाहुणा चाळिशीचा, मवाळ माणूस. थोरल्यांना तो मामा म्हणायचा, कारण त्याची आई नात्याने त्यांची बहीण लागे. पेटी गेल्याचं ऐकून तो चिडला नाही, उलट ओशाळला, जणू त्याच्या येण्यानेच ती गेली.

"मामा, आईला काय सांगू मी आता? ती फोनजवळ बसून असेल."

"पेटी मिळेल," थोरले म्हणाले. "नाही मिळाली तरी माझा शब्द आहे ना! हा कारखाना बघ. ही कारागिरी तुमच्याच घराण्याची."

पाहुणा गोंधळला. "आमच्या घराण्याची कशी? आमच्यात सुतार कोणीच नव्हतं, मामा. आम्ही पिढ्यानपिढ्या विणकर. तुमचे आजोबाही मागावर बसणारेच होते, म्हणून तर माग बंद पडल्यावर देश सोडावा लागला."



"इथे येऊन शिकले असतील," थोरले म्हणाले. पण ते बोलताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

जहाज आलं ते वर्ष आणि कारखाना निघाला ते वर्ष, दोन्ही मुळेबाईंनी स्वतःच वंशावळीत लिहिली होती. एका वर्षात विणकराचा असा सुतार होत नाही. म्हणजे चूक पेटीत नव्हती. चूक वंशावळीतच होती.

"तुमच्याकडच्या पेटीचा फोटो दाखवता?" त्यांनी विचारलं.

पाहुण्याने मोबाइल पुढे केला. बाईंनी आपल्या मोबाइलवर मागच्याच महिन्यात काढलेला हरवलेल्या पेटीचा फोटो त्याच्याशेजारी धरला. दोन्ही पेट्या काळ्या, दोन्हींच्या झाकणावर तीच कोरलेली वेल. पहिल्या नजरेला जुळ्या. दुसऱ्या नजरेला मात्र बाईंना फरक दिसला.

पाहुण्याची पेटी चारी बाजूंनी सरळ होती. हरवलेली पेटी खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली.

४

आत्या आपल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. थोरल्यांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, बारीक चणीची आणि तोंडाने फटकळ. बाईंनी मागे दार लोटून घेतलं.

"पाठ कशी आहे?"

"पाठीचं काय, आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले, कडक फळीवर झोपा."

"कधी म्हणाले?"

"झाली असतील वर्षं."

"मग आजच पलंग एवढा उंच कसा झाला?"

आत्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आपल्या रोजच्या पलंगावर त्या लहान मुलीसारखे पाय लोंबकळत ठेवून बसल्या होत्या. त्यांनी पाय पटकन वर घेतले, पण तोवर उशीर झाला होता.

बाईंनी पर्समधून पाचर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही खालून चपलेला लागून आलेली नाही. हिचं एवढंच टोक काळं आहे, कारण तेवढंच इतकी वर्षं बाहेर उघडं होतं. बाकीची सांध्यात बसलेली होती, आजपर्यंत. पेटीला खिळे नव्हतेच. पाचरी काढल्या की फळ्या सुट्या होतात. दोघांनी उचलायची पेटी मग एका बाईलाही एकेक फळी करून नेता येते. खाली करवत चालू असताना ठोकल्याचा आवाजही कळत नाही. पेटी जिन्यावरून उतरली नाही, कारण ती माडी सोडून गेलीच नाही. तुम्ही तिच्यावर बसलाय."

आत्यांनी पाचर हातात घेतली.

"आणि चष्मा," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "चोर चष्मा ढकलून देतो. तुम्ही काड्या मिटून ठेवलात. दादा उठल्यावर चाचपडतील म्हणून."

"त्याला चष्म्याशिवाय दोन हातांवरचं दिसत नाही," आत्या म्हणाल्या, आणि मग पाय पुन्हा खाली सोडून, "तुम्हाला किती कळलंय?"

"तुमचे आजोबा कधी विणकर नव्हते, एवढं. ते कोण होते तेही कळलंय असं वाटतं. पण ते मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. परवा फावडी पडायच्या आत."

"सांगितलं तर दादा मोडून पडेल."

"नाही सांगितलं तर?"

आत्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "नाही सांगितलं तर कुणाच्या तरी आईशेजारी परका माणूस जाईल. आणि माझी आजी इथे एकटी राहील. तिच्याशेजारून त्याला उठवून नेतील." त्या बाईंकडे वळल्या. "म्हणून तर पेटी मोडली मी. वाटलं, पेटी नाही म्हटल्यावर हे सगळं बारगळेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही."

"पाहुण्याने पेटी नाही बघितली तरी तुमच्या भावाने शब्द दिलाय. ते कबर उघडणारच."

आत्या पलंगावरून उतरल्या. "चला," त्या म्हणाल्या. "फळ्या उचलायला मालकाला बोलवा. मला आता पुन्हा नाही उचलवत."

५

फळ्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडल्या. बाहेरून त्या काळ्या रंगवलेल्या, आतून कापड चिकटवलेल्या. फक्त सांध्यातल्या जिभा, म्हणजे एका फळीतून दुसऱ्या फळीत शिरणारी टोकं, उघड्या लाकडाच्या होत्या, आणि त्या आज पहिल्यांदाच उजेडात आल्या होत्या. मालकांनी एक जीभ अंगठ्याने घासली, नाकाशी नेली आणि वर पाहिलं.

"हे लाकूड इथलंच आहे. नदीपलीकडच्या रानातलं. समुद्रापलीकडे हे झाडच होत नाही."

"म्हणजे पेटी इथे बनली," मुळेबाई म्हणाल्या. "पण बघून बघून बनवावी तशी, वेलीसकट. ज्याने मूळ पेटी नीट हाताळलेली होती, अशा माणसाने. एवढी हुबेहूब करूनही एक गोष्ट त्याच्या हातून सवयीने वेगळी झाली. त्याने तळ रुंद केला. तळ रुंद असलेली पेटी कलंडत नाही. तुमच्या घरात फळ्यांना कड आहे, म्हणजे बरण्या घसरत नाहीत. खण उचलल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणजे आपोआप बाहेर येत नाहीत. स्थिर जमिनीवरच्या घरात हे कशाला लागतं? मालक सांगतात शोभेला. मी सांगते, हा माणूस अशा ठिकाणी सुतारकाम शिकला जिथे जमीन दिवसरात्र हलते."

"जहाजावर," पाहुणा हळूच म्हणाला.

"जहाजाचा सुतार होते ते," आत्या म्हणाल्या. "दादा, खाली बस."

थोरले बसले. टेकायला पेटी नव्हती म्हणून खुर्चीवर बसले.

"आजीने मला शेवटच्या आजारात सांगितलं. तिचा नवरा जहाजावरच तापाने गेला. तिची विनवणी होती, त्याला नुसता कापडात गुंडाळून समुद्रात टाकू नका. शवपेटीला लाकूड नव्हतं. तेव्हा तिने आपली पेटी पुढे केली. जहाजाच्या सुताराने पेटीच्या फळ्या सोडवल्या आणि त्याच फळ्यांची शवपेटी केली. त्याच्या आईने दिलेली पेटी त्याच्याबरोबर गेली. समुद्रात."

पाहुण्याने तोंडावर हात धरला.

"बंदरात नवऱ्याशिवाय आलेल्या बाईला उतरू देत नसत. तान्हं मूल घेऊन त्याच जहाजाने परत. आणि परतीच्या वाटेत ते मूल वाचलं नसतं. सुतार तिला म्हणाला, तुझ्या नवऱ्याचं नाव मी लावतो, उतरून घे. पुढचं पुढे बघू. उतरले, आणि पुढचं बघता बघता जन्म गेला. माहेरी-सासरी तिने एवढंच कळवलं की सुखरूप पोचलो. खरं कळवलं असतं आणि फुटलं असतं, तर दोघांनाही इथून हाकललं असतं. घर लागल्यावर त्याने पहिल्यांदा ही पेटी केली. तिची मोडली म्हणून."

"म्हणून आजोबांनी कधी स्वतःचा फोटो काढू दिला नाही," थोरले पुटपुटले. "मग मी कोण? आमचे बाबा कुणाचे?"

"बाबा अंगावर पीत होते जहाजावर. आपण यांचेच," आत्यांनी पाहुण्याकडे मान वळवली. "रक्ताने आपण विणकरच, दादा."

"आणि त्याचं खरं नाव? सुताराचं?"

"मी विचारलं होतं. आजी म्हणाली, त्याने टाकलं ते मी कशाला उचलू?"

थोरले उठून खिडकीपाशी गेले. तिथेच सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. सूनबाई पुढे निघाल्या, तर मालकांनी त्यांचा हात धरून थांबवलं.

"मला पटाशी धरायला त्यांनी शिकवलं," थोरले शेवटी म्हणाले. "बोट कापलं तेव्हा स्वतःच्या तोंडात धरलं त्यांनी ते. आणि त्यांचा माझा काही संबंध नाही म्हणतेस?"

"असं कुठे म्हणतेय मी?" आत्या म्हणाल्या. "म्हणूनच तर तीस वर्षं तोंड शिवून बसले."

६

राहिला प्रश्न पाहुण्याच्या आईचा. परवानगी हातात होती, दफनभूमीवर माणसं सांगून ठेवलेली. पाहुणा म्हणाला, "मी सांगतो तिला." थोरले म्हणाले, "नाही. मोठा मी आहे. लाव फोन."

म्हाताऱ्या बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. थोरल्यांनी स्वतःची ओळख सांगितली आणि मग आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं: ताप, पेटी, समुद्र, बंदर, दुसऱ्याचं नाव. थोरल्यांना वाटलं फोन तुटला.

"ताई, ऐकताय ना?"

"ऐकतेय. म्हणजे तो समुद्रातच राहिला."

"हो."

"पण आईने दिलेल्या पेटीत."

"हो, ताई."

पलीकडे कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. "माझी आजी सांगायची, त्या बाईला म्हणावं तर काळीज नाही, एक ओळ धाडली आणि विसरली. जन्मभर बोल लावला आम्ही तिला." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आजीला नीट वागवलं ना त्या सुताराने?"

थोरल्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, त्या दिवसातलं पहिलंच.

"आजी रोज दुपारी कारखान्यात येऊन त्यांच्याशी भांडायची. जेवण गार झालं, भुसा घरात आला, काही ना काही. ते ऐकून घ्यायचे आणि करवत चालवायचे. ते गेले त्यानंतर ती कुणाशीच भांडली नाही. आम्ही मुद्दाम भुसा सांडून बघितला."

पलीकडच्या बाईही हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"मुलगा आहे का तिथे? त्याला म्हणावं, तो परवानगीचा कागद परत करून ये कचेरीत. राहू दे त्या सुताराला तिच्याजवळच. आणि तुम्ही दोघं भाऊबहीण या एकदा इकडे. जागा राखलीय ती रिकामी आहे, पण तिच्यासाठी नाही म्हणत मी. जेवायला या."

मुळेबाई खालच्या कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा अंधारून आलं होतं. वंशावळीचा मोठा कागद गुंडाळी करून त्यांच्या काखेत होता. तो आता नव्याने काढावा लागणार होता आणि जहाजाचा सुतार नेमका कोणत्या फांदीवर बसवायचा, हे त्यांना कुठल्याच नियमाने ठरवता येत नव्हतं. जिन्याच्या पायरीवरून थोरल्यांनी त्यांना हाक मारली.

"बाई, नवी कराल तेव्हा त्यांना कुठे लिहाल?"

"तुम्ही सांगाल तिथे."

थोरल्यांनी फार विचार केला नाही.

"आजोबा म्हणून लिहा," ते म्हणाले. "दोघांनाही."